ढेकूळ बसवणारी

साहेबानं लोखंड माझ्या पदराला पुसलं.

आधी त्याचा घाव चुकला होता. चेंडू जिथल्या तिथं, आणि चेंडूच्या वीतभर मागची जमीन उखडून वर. ओल्या गाळाचे शिंतोडे पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांवर उडाले. पाहुणे हसले. साहेबही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानं हातातलं लोखंड उलटं करून पाहिलं. पात्याला काळा गाळ चिकटला होता. मी नेहमीप्रमाणे गोणपाटाचा तुकडा पुढे केला. त्यानं तो पाहिला. तरी हात लांब करून माझा पदर ओढला, पात्यावर एकदा या अंगानं फिरवला, एकदा त्या अंगानं फिरवला आणि सोडून दिला.

"जमीनच खराब आहे," तो म्हणाला. मला नव्हे. पाहुण्यांना.

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अय्या, लाजली बघा ती!"

मी लाजले नव्हते. डोक्यावरचा पदर खाली आला होता. एका हातानं मी तो छातीशी धरला होता, दुसऱ्या हातात गोणपाट तसंच होतं. नुसती उभी होते. उभं राहण्याचेही प्रकार असतात हे त्या बाईला कुणी शिकवलं नसावं.

मुकादम मागून हळूच म्हणाला, "ढेकूळ बसीव."

मी खाली बसले. उडालेलं ढेकूळ शोधलं, गवताची बाजू वर करून खड्ड्यात ठेवलं, टाचेनं दाबलं. हेच माझं काम होतं. साहेब लोक जमीन उखडत पुढे जायचे आणि आम्ही बायका मागून ती पुन्हा लावत जायचो.

एक गोष्ट तेव्हाच मनात आली आणि अजून गेली नाही. बंगल्यावर मला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. माझा पदर चालला.

*

त्या वेळी मी साहेबाला 'ते' म्हणत असे. आता म्हणत नाही.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. इंग्रज जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पण जाताना तो आपल्या टोप्या, शिट्ट्या आणि खेळ इथंच विसरून गेला होता, आणि ते सगळं अंगाला बरोबर बसणारी माणसं पुण्यात तयार होती. त्यांतलाच हा एक. माले गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या टेकाडावर त्यानं बंगला बांधला. बंगल्यात पुस्तकांचं मोठं कपाट होतं. त्याची किल्ली हरवली होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. बंगल्याखालच्या माळावर त्यानं गोल्फचं मैदान आखलं. शनिवार-रविवार मोटारी यायच्या. उरलेला आठवडा मैदानावर आम्ही आणि टिटव्या.

खेळ असा. एक पांढरा चेंडू, लांबवर एक भोक. चेंडू त्या भोकात घालायचा. त्यासाठी प्रत्येकाजवळ पिशवीभर दांडे. काहींची डोकी लाकडाची, काहींची लोखंडाची. त्यांना नुसतं 'लोखंड' म्हणायचं, आणि प्रत्येकावर नंबर. ती पिशवी स्वतः उचलायची नाही, हा पहिला नियम. सुरुवातीचा फटका लाकडी खुंटीवर चेंडू ठेवून मारता येतो, तो बहुतेकांना जमायचा. पण पुढे चेंडू जमिनीवर पडला की तो आहे तिथून लोखंडानं मारावा लागतो. तिथं खरी गंमत. लोखंड चेंडूच्या मागे जमिनीत रुततं, नाहीतर चेंडूच्या टाळूवर टिचकी मारून जातं. मग चेंडू घाबरलेल्या उंदरासारखा पळतो. असं झालं की साहेब लोक जमिनीकडे रागानं बघायचे. जमीन काही बोलत नसे. आमच्याकडे ती सवय जुनी आहे.

माझं जुनं गाव पाण्याखाली आहे. हे दुःख म्हणून नाही, पत्ता म्हणून सांगते. आमच्या इथलं धरण माझ्या जन्माआधी झालं, तेव्हा गाव वर सरकलं आणि सरकतानाही आपापल्या जागा धरून सरकलं. आमची घरं पुन्हा खालच्या अंगालाच, जिथून वारा वरच्या आळीला जात नाही. वडिलांनी हट्टानं मला सातवीपर्यंत शिकवलं. ते गेले. लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मी आईकडे परत आले. मैदानावर काम मिळालं.

आईची शेती म्हणजे गाळपेर. माघात पाणी मागं हटायला लागलं की बुडालेली जमीन थोडी थोडी उघडी पडते. त्या ओल्या गाळात चवळी टाकायची, काकडी टाकायची, पाऊस येऊन पाणी चढायच्या आत काढून घ्यायची. या जमिनीचा कागद कुणाकडेच नाही. रिवाज मात्र आहे. ज्यानं जिथं बुजगावणं उभं केलं, ती जागा त्या सालापुरती त्याची. मग त्या वाफ्यात दुसरा कुणी पाय घालत नाही. वरच्या आळीचा नाही, खालच्या आळीचा नाही. बाकी कशात आम्हांला बरोबरीनं न धरणारं गाव एवढं एक पाळत आलं. कदाचित ती जमीन सहा महिने पाण्याखाली असते म्हणून असेल. बुडालेल्या गोष्टीत बरोबरी द्यायला माणसांना जड जात नाही.

आणि माझ्या पदराला लागला तो गाळ काळा होता.

माळाची माती तांबडी. काळी माती फक्त खाली, पाण्याच्या काठाला. म्हणजे साहेब त्या दिवशी माळावर खेळत नव्हताच. तिथली हरळी ओली आणि मऊ असते म्हणून त्यानं मैदान खाली ओढलं होतं, आमच्या गाळपेरीच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. पदराकडे बघताना ते माझ्या ध्यानात आलं. आमचीच जमीन, माझ्याच पदराला.

*

संध्याकाळी आईनं पदर पाहिला. मी सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"तवाच्या तवा धुवायचा व्हता," ती म्हणाली. "गाळ वाळला की डाग जात न्हाई."

"आये, त्यानं पदर वढला माजा."

"आईकलं."

"मंग?"

"मंग काय? सोमवारी कामाला जा. काम सोडलंस तर त्येला कळायचं पन न्हाई तू व्हतीस म्हून."

मला तिचा राग आला. नंतर, पुष्कळ वर्षांनी, मी शहाण्या माणसांची पुस्तकं वाचली. अपमानावर त्यांत पानंच्या पानं आहेत. पण माणूस निघून गेला तरी ज्याला कळत नाही, त्याच्यासमोर निघून जाण्याचा उपयोग काय, हे त्यांत कुठं सापडलं नाही.

डाग खरंच गेला नाही. आईनं राख लावून पाहिली, रिठा लावून पाहिला. मग ते लुगडं तिनं बाजूला ठेवलं, आणि पट्टीत चवळी टाकून झाल्यावर बांबूच्या काठ्यांची फुली बांधून त्या बुजगावण्याला नेसवलं. डोक्याला मडकं. डागाचा पदर मडक्यावरून पुढे घेतला, बाईमाणसासारखा.

"कावळ्यास्नी भ्या वाटंल," ती म्हणाली. "साहेबाला न्हाई वाटलं, कावळ्यास्नी वाटंल."

*

सात नंबरचं लोखंड मला पाण्याच्या कडेला, चिखलात सापडलं. साहेबानंच फेकलं होतं. घाव लागोपाठ चुकले की लोखंड भिरकावून द्यायचं, हीही त्या खेळातली सभ्य रीत होती. विळा बोथट झाला म्हणून मी तो भिरकावला असता तर मुकादमानं मला त्याच्यामागे पाठवलं असतं. दांडा किंचित वाकला होता, पातं शाबूत होतं. मी ते करवंदीच्या जाळीत लपवलं. गवत कापताना चेंडू तर रोजच सापडायचे.

का उचललं, ते नीट सांगते. साहेबाला हरवायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं, जमीन खरंच खराब आहे का. तो म्हणाला होता, जमीनच खराब आहे. माझ्या पदराला हात लावून तो माझ्या जमिनीला नावं ठेवून गेला होता. पदराचं काय ते मला माहीत होतं. जमिनीचं बघायचं होतं.

सोमवारी दुपारी मैदान मोकळं असायचं. मुकादम जेवायला घरी जायचा आणि ऊन उतरल्यावर यायचा. त्या वेळात मी आणि कोंडामावशी सावलीला बसायचो. कोंडामावशी माझ्याबरोबर ढेकळं बसवायची. आमच्याच आळीतली, नवरा नसलेली, दातांना मिश्री आणि जिभेला धार. तिचा गाळपेरीचा वाफा आईच्या वाफ्याला लागून होता.

पहिल्या दिवशी मी लोखंड उचललं, डोक्यावर नेलं आणि खाली आणलं. हात कोपरापर्यंत झणझणला. पातं चेंडूच्या मागे असं रुतलं की ओढून काढावं लागलं.

मावशी मिश्री थुंकून म्हणाली, "आगं, हीर काढतीस का काय? पानी लागलं म्हंजी हाक मार."

तिचं बरोबर होतं. माझ्या हातांना कुदळ माहीत होती. हत्यार वर जातं ते जमिनीत जाण्यासाठी, एवढंच आमच्या पिढ्यांना ठाऊक. जमिनीवरच्या एखाद्या वस्तूला मारायचं आणि जमीन तिथंच सोडून द्यायची, हा प्रसंग आमच्या घराण्यात कुणावर आलेला नव्हता. पुढचे कितीतरी सोमवार मी चेंडूच्या मागे खड्डे पाडले. आणि प्रत्येक खड्डा पुन्हा बुजवला, कारण मुकादमाला ताजा खड्डा लगेच कळतो.

मग कुदळ हातातून गेली. डाव्या पायावर भार ठेवायचा, मनगटं पात्याच्या पुढे राहू द्यायची, चेंडूला उचलायला जायचं नाही. हे साहेब लोकांच्या खोड्या बघून कळलं. ते सगळे चेंडूला उचलायला जायचे. वाटीतून दही काढावं तसं लोखंड खालून घालायचे. चेंडू वर जावा म्हणून स्वतःच वर व्हायचे. मी ठरवलं, आपण खाली मारायचं. वर जायचं की नाही ते चेंडू बघेल.

तरी जमेना. आता उलटं झालं. लोखंड जमिनीला लागायचंच नाही. चेंडूच्या टाळूवरून घसरायचं आणि चेंडू सरपटत जायचा. उंदीर. पुन्हा उंदीर. मी चिडले. दांडा बदलून धरला, पाय बदलून ठेवले. उंदीरच.

मावशी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "शेवटाला हात का आखडतीस गं?"

"न्हाई आखडत."

"आखडतीस. खाली येस्तोवर बरूबर येतुया. जिमिनीपाशी आला की भितुया."

मी पुन्हा मारून पाहिलं. आणि माझ्या हाताला मी पकडलं. खरंच आखडत होता. पातं हरळीला लागणार, ढेकूळ उडणार, की बोटं आपोआप सैल पडत होती. भीती हाताला लागण्याची नव्हती. ते ढेकूळ आपल्यालाच बसवायचं आहे, हे हाताला आठवत होतं. साहेबाचा हात बेधडक खाली यायचा, कारण त्याच्यामागे बसवणारी होती. माझ्यामागे मीच होते. जिला ढेकळं बसवायची असतात, तिचा हात ढेकूळ काढायला धजत नाही. इतकं साधं. मी त्या लोखंडाशेजारी खाली बसले आणि हसू लागले. हसू चांगलं नव्हतं ते. कारण मग मला एकेक आठवायला लागलं. मी कुठं कुठं हात आखडते. बोलताना. हसताना. शाळेत बाकाच्या टोकाला बसताना. कुणाच्या दारात सावली पडू नये म्हणून वळताना. आपल्यामुळे काही उखडू नये. उखडलं तर आपल्यालाच बसवायचंय.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "ढेकूळ निगंल म्हून भ्या वाटतं."

मावशी उठली. लुगडं खोचलं. माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"तू मार," ती म्हणाली. "बसवीन मी."

आजवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. वडिलांनीही नाही, त्यांचा माझ्यावर जीव होता तरी.

मी मारलं. हात आखडला नाही. आधी चेंडू लागला, मग जमीन. आवाज वेगळाच आला. सुकलेली फांदी एका फटक्यात मोडावी तसा, कोरडा. हातांना काहीच लागलं नाही, जणू मधे चेंडू नव्हताच. ढेकूळ चेंडूच्या मागून नाही, पुढून निघालं, पातळ, भाकरीसारखं. आणि चेंडू वर गेला. मी त्याला वर पाठवला नव्हता. मी खाली मारलं होतं. तो आपल्या मर्जीनं वर गेला, पाण्याच्या अंगाला वळला आणि लांब हिरवळीत उतरला.

"आयला," मावशी म्हणाली. आणि जाऊन ढेकूळ बसवून आली.

मग ती म्हणाली, "आता मी मारती. तू बसीव."

जमीन खराब नव्हती.

*

मुकादमानं आम्हांला पाहिलं. पाहणारच होता. मला वाटलं काम गेलं. गेलं असतं तर बरं झालं असतं. झालं ते त्याहून वाईट. साहेबाला फार आनंद झाला.

रविवारी मला वर बोलावणं आलं. व्हरांड्यात पाहुणे बसले होते, मोठ्या हॅटा, लहान कप. साहेबाच्या बायकोनं कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं मांडीवर घेतलं होतं.

"हीच ती," साहेब म्हणाला. "कुणी शिकवलेलं नाही. नुसतं बघून. मी नेहमी म्हणतो ना, या लोकांत उपजत असतं."

एक डॉक्टर म्हणाला, "माकडांतही असतं." सगळे हसले. साहेबाच्या बायकोनं "इश्श, काय हो" म्हटलं, पण हसून.

साहेब माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच मला उद्देशून पुरतं वाक्य बोलला. "हे बघ, आज चांगलं मारून दाखवलंस तर हे लुगडं तुझं. आणि बारमाही काम तुझं. पोरींना हा खेळ शिकवायचा, ढेकळं बसवायची नाहीत आता. काय?"

बारमाही काम. आम्हांला पावसाळ्यात काम नसायचं. मी खोटं सांगत नाही, माझ्या मनानं ते लगेच हातात घेऊन पाहिलं. आई, चूल, आषाढ. घराच्या गळक्या कोपऱ्यावर नवी कौलं. मला ते हवं होतं. मान माझ्या नकळत हलली असेल.

सगळे खाली आले. मला साहेबाचं स्वतःचं लोखंड दिलं, चकचकीत, सात नंबरचंच. चेंडू हरळीवर ठेवला. पाहुणे अर्धगोलात उभे राहिले. दरवेशी अस्वल घेऊन येतो तेव्हा गाव असंच उभं राहतं. फरक एवढाच, अस्वलाला लुगडं दाखवत नाहीत.

"कुठं मारू?" मी विचारलं.

साहेबानं खाली बोट दाखवलं. पाण्याच्या कडेला पट्टी होती. चवळी फुलावर आली होती.

"ते बुजगावणं दिसतं? त्याला लावून दाखव. पुढच्या रविवारपर्यंत ते सगळं साफ करायचंच आहे. मैदान पाण्यापर्यंत नेतोय." मग पाहुण्यांना म्हणाला, "बघा, नेसवलंय कसं! बाई आहे ती."

वाऱ्यानं पदर हलला. डाग इथूनही दिसत होता. त्यानं तो ओळखला नाही. ओळखला असता तर मला थोडं बरं वाटलं असतं, इतकी मी मूर्ख होते.

माझ्या हातात त्याचं लोखंड, समोर माझ्या आईचं रान, रानात माझं लुगडं. आणि ते फाडायला मीच हवी होते. माझी मारण्याची हातोटी. मी उन्हात, उपाशी पोटी, कुणी न शिकवता मिळवलेली. ती त्याला आता हवी होती, आणि कशावर चालवायची तेही त्यानंच ठरवलं होतं. पदर ओढला तेव्हा त्यानं माझं लुगडं वापरलं. आज तो माझा हात वापरत होता. आणि आज सगळे कौतुक करत होते. पहिला अपमान मला निदान ओळखता आला होता.

कोंडामावशी हा पुढचा प्रसंग सांगते तेव्हा मी लोखंड चिखलात बुडवून साहेबाच्या पांढऱ्या विजारीला पुसते. लोकांना ते फार आवडतं. मीही तिला अडवत नाही, तिचा मान ठेवते. पण झालं ते असं.

मी लोखंड हरळीवर ठेवलं. आपटलं नाही. ठेवलं. म्हणाले, "न्हाई."

"काय नाही?"

"मारनार न्हाई."

आणि उतारानं खाली चालत गेले. मागून कुणीतरी विचारलं, "कुठं चालली ही?" कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पाय जात होते. मी वाफ्याच्या कडेनं, रोपं न तुडवता आत शिरले, बुजगावण्याजवळ जाऊन उभी राहिले आणि तोंड वर केलं. पदर खोचला. मोठ्यानं म्हणाले,

"आता मारा!"

वर कुणी हललं नाही. साहेब हसला, मग हसायचा थांबला. त्याच्या लोखंडातून सुटलेला चेंडू कुठं जाईल ते देवालाही सांगता येत नसे, आणि हे त्याच्या पाहुण्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर हळूच मागे सरकला.

तेवढ्यात कोंडामावशी धावत खाली आली. स्वतःच्या वाफ्यात स्वतःच्या बुजगावण्याजवळ उभी राहिली आणि ओरडली, "मला बी मारा! माजं बुजगावनं का वगळलं?" काठावर धुणं धूत असलेल्या वरच्या आळीच्या बायका बघत होत्या. त्यांची पट्टीही पुढे तिथंच होती. एकीनं धुणं खडकावर टाकलं आणि आपल्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यासाठी आली नव्हती ती. चवळीसाठी आली होती. मला तेवढं पुरलं.

साहेब मुकादमावर ओरडला, "काढ त्यांना बाहेर! उपट ते सगळं!"

मुकादम खाली आला. वाफ्याच्या कडेशी आला. एक पाय उचलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो त्याच गावात वाढला होता. बुजगावणं उभं असलेल्या वाफ्यात त्यानं, त्याच्या बापानं, कुणी कधी पाय घातला नव्हता. उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो मागं ठेवला.

"तू उद्यापास्नं येऊ नगंस," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"न्हाई येत," मी म्हणाले. "पन मी व्हते, येवडं त्येला कळलं."

*

त्या साली चवळी आम्ही काढली.

पट्टी वाचली असं मी म्हणणार नाही. साहेबाचे हात लांब होते, आणि चिडलेला साहेब कागद फार भरभर जमवतो. कधी मैदान पुढे यायचं, कधी वाफे. दर माघात तीच ओढाताण. मी पुढे ट्रेनिंग केलं, आता प्राथमिक शाळेत शिकवते. तिथंही साहेब येतात, तपासणीला. मी पदर खोचून उभी राहते. मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते, बाकाच्या टोकाला कुणी बसायचं नाही. पुस्तकात ती नाही.

वाकलेल्या दांड्याचं ते सात नंबर माझ्याकडे आहे. ते मी परत केलं नाही आणि करणार नाही. फेकलेल्या वस्तूवर फेकणाऱ्याचा हक्क राहत नाही, तसा फेकलेल्या माणसांवरही राहत नाही.

हे लिहिते आहे तेव्हा माघ लागला आहे. पाणी उतरू लागलं आहे, आणि या खेपेला मैदानवाल्यांनी कुंपणाची तार लावली आहे, माळापासून थेट पाण्यापर्यंत. आई थकली. कोंडामावशीचे दात गेले, जीभ आहे. काल ती दारात येऊन विचारून गेली, "जायाचं का गं खाली?"

जायचं. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तारेखालून आत शिरायचं. आधी बुजगावणं उभं करायचं. मग त्यांच्या कापलेल्या, पाणी घातलेल्या हिरवळीवर मी सात नंबर डोक्यावर नेईन आणि खाली आणीन. चेंडू ठेवणार नाही. ढेकूळ निघेल. त्या खड्ड्यात मावशी चवळी टाकेल. पुन्हा लोखंड, पुन्हा ढेकूळ, पुन्हा चवळी, पाण्यापर्यंत.

हात आखडणार नाही.

आणि ती ढेकळं कुणीही बसवणार नाही.